फोर्टी-फाइव्ह की नाइन एमएम: दाजींशी राहिलेला वाद

दाजी, तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले आणि माझा राग अजून गेलेला नाही. इथे जर्मनीत दहनालाही टेर्मिन, म्हणजे ठरवून दिलेला दिवस, घ्यावा लागतो, आपल्याला बाराव्या दिवसाचा मिळाला. तेवढ्या वेळात राग निवायला हवा होता, पण नाही निवला. दहनाच्या हॉलमध्ये चार जण तुमच्याबद्दल बोलले. तुम्ही किती दिलदार, नव्याने आलेल्या किती पोरांना पहिल्या आठवड्यात घरी बोलावून वरणभात वाढलात, वगैरे. माझी पाळी आली तेव्हा मी घसा बसलाय असं खोटं सांगितलं. मला बोलायचं होतं तुमच्या पिस्तुलाबद्दल, आणि ते तिथे बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला मध्ये तोंड घालता येणार नाही अशी आपली ही पहिलीच चर्चा.

सगळं सुरू झालं चोरीपासून. गार्चिंगला विद्यार्थ्यांचा गणपती होता, आपण सगळे तिकडे गेलो होतो. तुम्ही आणि ताई उंटरश्लाइसहाइमला घरी परतलात तर मागचं काचेचं दार उचकटलेलं. आमच्या आईच्या पाटल्या गेल्या. पोलीस आले, त्यांनी लिहून घेतलं, आणि कागदाची एक प्रत देऊन गेले. त्यानंतर ताई नीट झोपेना. जिन्यावरचा दिवा चालू ठेवून ती पडून राही. तुम्ही चांगलं कुलूप बसवू शकला असता, अलार्म लावू शकला असता. तुम्ही माझ्याकडे आलात, कारण मी क्लबात नेमबाजी करते हे तुम्हाला माहीत होतं.

"डॉक्टरीणबाई," माझ्या पीएचडीवरून तुम्ही मला म्हणायचात तसंच म्हणालात, "समोरचा एका गोळीत खाली बसला पाहिजे. कोणतं घेऊ?"

मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. मी तुम्हाला सांगितलं की या देशात घर राखायला पिस्तूल मिळत नाही. बेड्युर्फनिस लागतो, म्हणजे तुम्हाला हत्यार कशाला हवं याचं सरकारला पटेल असं कारण, आणि चोराची भीती हे त्यांना पटणारं कारण नाही. तुम्ही म्हणालात, "आल्झो, बरं, मग खेळासाठी म्हणू." आणि तुमच्यासाठी क्लबात शब्द मी टाकला. एवढी एक चूक माझी, आणि ती मी कबूल करते. चूक कबूल करणं तुमच्या घराण्यात नव्हतं.

पुढचं वर्षभर दर शनिवारी तुमच्या गाडीतून रेंजवर जाताना आणि येताना तोच एक वाद. तुमचं म्हणणं फोर्टी-फाइव्ह कॅलिबर, माझं नाइन एमएम. मोठी गोळी, मोठं भोक, विषय संपला, गेनाऊ, अगदी बरोबर. मी प्रयोगशाळेत दिवसभर धातूवर धातू आपटून काय होतं ते मोजते, आणि तुम्ही मला अमेरिकेतल्या दाढीवाल्यांचे व्हिडिओ पाठवायचात. मी शंभर वेळा सांगितलं असेल. दोन्हींच्या जाडीत फरक अडीच मिलिमीटरचासुद्धा नाही. गोळी लागली कुठे आणि पुरेशी आत गेली का, एवढ्याला महत्त्व. फोर्टी-फाइव्हचा झटका मोठा, त्यामुळे दुसरी गोळी नेमावर आणायला वेळ जास्त लागतो. मॅगझिनमध्ये मावतात कमी. महाग म्हणून सराव कमी होतो, आणि सराव नसलेल्या माणसाच्या हातात कुठलंही कॅलिबर सारखंच निरुपयोगी.

"तू पुस्तकातलं बोलतेस," तुम्ही म्हणायचात.

"आणि तुम्ही मोबाइलमधलं," मी म्हणायचे.

एकदा तुम्ही ताईला पाहुणी म्हणून रेंजवर घेऊन आलात. खरं तर ते पिस्तूल तिच्या झोपेसाठीच होतं, मग तिच्या हातात बसतं का हे आधी बघायला नको? क्लबाचं फोर्टी-फाइव्ह तिच्या हातात दिलंत. तिने एक गोळी झाडली, पिस्तूल खाली ठेवलं, मनगट चोळलं, आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. मी माझं नाइन एमएम तिला देऊन बघूया म्हटलं तर तुम्ही म्हणालात, "तिला कशाला? मी आहे ना घरात." आता तुम्ही आहात का घरात?

शेवटी तुम्ही फोर्टी-फाइव्हच घेतलंत. गोळ्याही साध्या, अख्ख्या आवरणाच्या, क्लबात स्वस्त मिळतात त्या. त्यावर आपलं खरं भांडण झालं. मी तुम्हाला तुमच्याच जिन्यावर उभं केलं आणि विचारलं, चोर कुठून येणार? त्याच काचेच्या दारातून. तुम्ही झाडणार कुठून? इथून. मग चोराच्या मागे कोण आहे? काचेचं दार, चार पावलं बाग, लाकडी कुंपण, आणि कुंपणापलीकडे तुमचे शेजारी हेर, म्हणजे श्रीयुत, लिंडनर यांच्या स्वयंपाकघराची खिडकी. तिथे ते दिवसभर टेबलाशी शब्दकोडं घेऊन बसलेले असतात. पोकळ टोकाची गोळी अंगात शिरून पसरते आणि बहुधा तिथेच थांबते. साधी गोळी आरपार निघते आणि पुढच्याला लागते. नेम चुकला तर कुठलीही जाते. नेमाच्या मागे काय आहे ते आधी बघायचं, हे क्लबात पहिल्या दिवशी शिकवतात. तुमच्या नेमामागे एक म्हातारा माणूस बसलाय, असं मी ओरडून सांगितलं.

तुम्ही हसून म्हणालात, "नाइन एमएम काय काचेला नमस्कार करून परत फिरते?" आणि चहा टाकायला गेलात.

मग आली खंडेनवमी. आता हे कुणा जर्मन माणसाला सांगितलं तर तो विश्वास ठेवणार नाही. तुम्ही ब्रेड कापायची मोठी फळी पाट म्हणून मांडली, तिच्यावर लाल कापड घातलं, आणि ड्रिल मशीन, लॅपटॉप, ताईची कात्री यांच्या मधोमध पिस्तूल ठेवलंत. बागकामाच्या दुकानातून झेंडूची रोपं आणून त्यांची फुलं वाहिलीत. हळदकुंकू, गंध, अक्षता. शेजारी वाटीत गोळ्या, त्यांनाही एकेक कुंकवाचं बोट. वीसेक पाहुणे, त्यातले निम्मे आपल्या मुलांना घेऊन आलेले. कायद्याने ते पिस्तूल तिजोरीबाहेर असायलाच नको होतं.

"दाजी, हे आत्ता उचला," मी तुमच्या कानाशी म्हणाले.

"अगं, शस्त्र आहे. आजच्या दिवशी पूजा नको? कोल्हापूरला आमच्याकडे तलवारीची व्हायची."

"तलवार उडत नाही."

"सगळी आपलीच माणसं आहेत," तुम्ही म्हणालात आणि आरती सुरू केलीत.

पाहुणे गेल्यावर मीच ते पिस्तूल साफ केलं. वरच्या फटीत अक्षतेचा तांदूळ अडकला होता, तो चिमट्याने काढला. तुम्ही शेजारी बसून पेढा खात होता. दुसऱ्या दिवशी गार्चिंगहून फोन आला. पाहुण्यांपैकी एकीच्या चार वर्षांच्या मुलीचा कोट धुवायला टाकला होता, मशीन खडखड वाजायला लागलं, थांबवून बघितलं तर खिशात तुमची गोळी. कुंकू धुऊन गेलं होतं. ती आई फोनवर रडत होती. मी जाऊन ती गोळी आणली आणि तुमच्यासमोर टेबलावर ठेवली.

तुम्ही हसून काय म्हणालात आठवतंय? "धुतल्याने काही होत नसतं. मिळाली ना? झालं तर."

त्या हसण्याने माझं डोकं फिरलं, दाजी. मी घरी गेले आणि आम्टला, म्हणजे हत्यारांचे परवाने देणाऱ्या कचेरीला, पत्र लिहिलं. निनावी. जर्मन भाषेत, टाइप करून. पूजा लिहिली, वाटीतल्या गोळ्या लिहिल्या. जिना, काचेचं दार आणि मागच्या घरातलं स्वयंपाकघर एका रेषेत येतात, हेही लिहिलं. यू-बानने, म्हणजे मेट्रोने, म्युनिकला गेले आणि तिथल्या पेटीत टाकलं. वाटलं होतं की फार तर ताकीद मिळेल, एक दंड, आणि तुम्ही शुद्धीवर याल.

दोन माणसं मंगळवारी सकाळी आली. दार ताईने उघडलं. तळघरातल्या तिजोरीत पिस्तूल नव्हतं, ते ताईच्या कपाटात साड्यांखाली होतं. तुमचं म्हणणं असायचं की तिजोरी उघडून होईपर्यंत चोर काय थांबणार आहे. पण हे त्यांना सांगायची सोय नव्हती, कारण तुमचं पिस्तूल खेळासाठी होतं. परवाना गेला, पिस्तूल गेलं. जाताना त्यातला एक जण ताईला म्हणाला की मागच्या घरातल्या स्वयंपाकघराला तुमच्यामुळे धोका आहे अशी तक्रार आलेली आहे.

एवढं ऐकल्यावर ताईने दुसऱ्या कुणाचा विचारच केला नाही. तक्रार हेर लिंडनर यांनी केली, असं तिच्या मनाने घेतलं. नऊ वर्षं ज्यांनी तुमची पार्सलं घेऊन ठेवली, तुम्ही पुण्याला गेलात की तुळशीला पाणी घातलं, तुमच्या लेकीला, सईला, मागच्या गल्लीत सायकल शिकवली, ते लिंडनर. आणि तुम्ही तिला एका शब्दाने अडवलं नाहीत. उलट कुंपणावर तुम्ही उंच वेताचा पडदा बांधलात. त्या शरदात त्यांनी नेहमीप्रमाणे प्लमचा केक पाठवला. ताईने आयुष्यात कुणाची ताटली रिकामी परत केलेली नाही, चकली तरी, दोन लाडू तरी. त्या दिवशी तिने केक न कापता तसाच ताटलीसकट परत नेऊन त्यांच्या दारात ठेवला.

आणि मी? मी मूग गिळून बसले. दोन वर्षं तुमच्याकडे रविवारी जेवले, तुम्ही दोघं लिंडनरला बोलत होता, आणि मी आमटी वाढून घेत होते. ताईची झोप पुन्हा गेली, ती माझ्या पत्राने गेली हेही मला दिसत होतं. रोज ठरवायचे की आज सांगते. पण ताईने मला कधीच माफ केलं नसतं, याची खात्री होती.

तुम्ही मात्र मजेत होता. पिस्तूल गेलं तरी कॅलिबरचा वाद काही जाईना. व्हिडिओ येतच राहिले. एकदा बागेत कणसं भाजताना तुम्ही अचानक म्हणालात, "डॉक्टरीणबाई, ते पत्र जर्मनमध्ये फार शुद्ध होतं म्हणे. आपला लिंडनर तर पक्की बव्हेरियन बोली बोलतो." माझ्या हातातलं कणीस जळलं. तुम्ही विषय बदललात आणि मी स्वतःला समजावलं की तुम्ही सहज बोललात.

दहनाच्या दिवशी लिंडनर आले. काळा कोट, हातात पांढरी फुलं, काठी. हॉलच्या दाराशी ताई उभी होती. ती त्यांना म्हणाली, "नाइन. बिटे गेहेन झी." नाही, कृपया जा, एवढंच शांतपणे म्हणाली, आणि ते फुलं हातात घेऊन तसेच मागे वळले. सई हायडेलबर्गहून आली होती. तिने माझा हात धरला. "मावशी, वारुम? एअर हाट दोख निश्त्स गेमाख्त." का? त्यांनी तर काही केलं नाही. तिला कसं कळलं देव जाणे, तिच्या मनात ती सायकल असेल. मी म्हटलं, आईला आत्ता काही विचारू नकोस. दाजी, त्या क्षणी मला तुमचा आणि माझा दोघांचाही तिटकारा आला.

दोन दिवसांनी ताईच्या पेन्शनच्या अर्जाला लग्नाचा दाखला हवा होता, म्हणून मी तुमचे ऑर्डनर, त्या जाड फायली, काढल्या. तुमची ती शिस्त, प्रत्येक फाइलवर चिठ्ठी. एकीवर "हत्यार". तिच्यात आम्टचे कागद होते, आणि त्यांच्यात माझ्या पत्राची प्रत. तुम्ही रीतसर अर्ज करून तुमची फाइल बघायला मागितली होती. परवाना गेल्यानंतर दीड महिन्याच्या आत.

नाव नव्हतंच पत्रावर. पण जिन्यापासून स्वयंपाकघरापर्यंतची ती रेष वाचून दुसरं कुणी तुमच्या डोळ्यांसमोर येणंच शक्य नव्हतं. समासात तुमचं पेन्सिलीतलं अक्षर. जिथे मी गोळी आरपार जाण्याबद्दल लिहिलं होतं तिथे, "फोर्टी-फाइव्ह हळू जाते. नाइन एमएम जास्त लांब जाईल. चूक." त्याच्या खाली, "लिंडनरच्या खिडकीचं मात्र बरोबर." आणि सगळ्यात खाली, वेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं, "हिला कळता कामा नये. बहिणी तुटतील."

मी तुमच्या अभ्यासिकेत जमिनीवर बसून रडले, हे खरं आहे. तुम्ही माझ्या ताटात आग्रहाने दुसरी पोळी वाढायचात ते आठवलं. ज्या बाईने तुमची इज्जत काढली, हे माहीत असून वाढायचात. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे आणि आयुष्यभर राहीन. पण रडून झाल्यावर राग दुप्पट झाला. कुणी सांगितलं होतं तुम्हाला? माझ्याशी भांडायचं होतं की समोर बसून. माझं बरोबर होतं हे तुम्ही पेन्सिलीने कागदाला सांगितलंत आणि मला नाही. मला वाचवायला निघालात आणि ज्याचा काही संबंध नाही त्या म्हाताऱ्याला त्याची किंमत द्यायला लावलीत. त्याच्या वाट्याला दोन वर्षं तुटलेला शेजार आणि शेवटी दारातून हाकलणं. नेमामागे कोण आहे हे तुम्ही शेवटपर्यंत बघितलं नाहीत. आणि माझं पत्र टाकताना मीही ते बघितलं नव्हतं, हेही लिहून ठेवते.

आज सकाळी मी तो कागद ताईसमोर ठेवला. ती चष्मा लावून दोनदा वाचत बसली. पत्र एकदा, तुमचं पेन्सिलीतलं एकदा.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. "यांनाही माहीत होतं."

"हो."

"म्हणजे दोघांनी मिळून माझ्याकडून त्या माणसाचा अपमान करवून घेतलात. परवा दहनाच्या वेळीसुद्धा. तू माझ्या शेजारी उभी होतीस."

मी माफी मागायला लागले तर तिने हात वर करून थांबवलं. उठली. लिंडनर यांची एक ताटली फ्रीजवर होती. दहनाच्या दुसऱ्या दिवशी ते दाराशी केक ठेवून गेले होते. ताईने केक फेकून दिला होता, ताटली तशीच पडली होती. तिने ती घासली, पुसली, डब्यातले शंकरपाळे भरले आणि माझ्या हातात दिली.

"तू जा. सगळं सांग. मी आत्ता त्यांच्याकडे बघू शकत नाही. आणि काही दिवस तुझ्याकडेही नाही."

मी गेले. दारात उभी राहून सगळं सांगितलं, सांगताना माझं ते शुद्ध जर्मन पार मोडून पडलं. लिंडनर यांनी ताटली घेतली. मग म्हणाले, "हो. तुमचा मेहुणा मला कधीतरी सांगेल असं वाटायचं. निदान पडदा का बांधला ते तरी." आणि आत या म्हणाले. मला स्वयंपाकघरात त्यांच्याच खुर्चीवर बसवलं आणि कॉफी ठेवली.

खिडकीतून तुमचा वेताचा पडदा दिसत होता. थोड्या वेळाने तो हलायला लागला. ताई पलीकडून कात्रीने त्याच्या तारा कापत होती, तुम्ही पूजेत ठेवली होती त्याच कात्रीने. पडदा एका बाजूने खाली आला आणि समोर तुमची बाग, काचेचं दार, दारातून आत दिसणारा जिना, अगदी वरच्या पायरीपर्यंत. सगळं सरळ एका रेषेत, आणि त्या रेषेच्या टोकाला मी बसले होते. ताईने एकदा माझ्याकडे बघितलं आणि दुसरी तार कापायला घेतली.

माझं बरोबर होतं, दाजी. वाद घालायला तुम्ही हवे होता.